वत्सगुल्माचा कालपट : जावास्क्रिप्टांतील एका पॅकेजाची उभारणी

सन १९३९ मध्यें वाशीम येथें वाकाटक नृपति विंध्यशक्ति दुसरा याचा ताम्रपट उपलब्ध झाला, आणि वाकाटकांची वत्सगुल्म येथें नांदणारी शाखा निराळी होती ही गोष्ट स्पष्ट झाली. या ताम्रपटाचा कांहीं भाग संस्कृतांत व कांहीं प्राकृतांत आहे. मितिही त्यांत दिलेली आहे. परंतु ती कोणत्याही शकाची नसून राजाच्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षाची आहे. वाशीमच्या जवळच हिस्से-बोराळा येथें पुढें जो शिलालेख सांपडला, तो याच शाखेंतील देवसेनाच्या वेळचा असून त्यांत सुदर्शन नांवाचा तलाव बांधविल्याची नोंद आहे. या लेखांत मात्र शक ३८० असा सरळ आंकडा आहे. एकाच शाखेचे हे दोन लेख, एकाच गांवाच्या आसमंतांतले. एकाची मिति बोट ठेवून सांगतां येते, दुसऱ्याची अनुमानानें बसवावी लागते. हे दोन्ही लेख एकाच कालरेषेवर मांडावयाचे झाल्यास ते कसे मांडावे, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. प्रस्तुत लेखकास तो क्षुल्लक वाटत नाहीं, कारण कागदावर एकदां टिंब उमटलें कीं वाचक त्या टिंबावर विश्वास ठेवतो, खालची तळटीप वाचीत नाहीं.

अलीकडे असे कालपट संगणकावर काढतात व ते ब्राउझरमध्यें पाहतात. त्याकरितां जावास्क्रिप्ट या भाषेंत लहानसें पॅकेज तयार करणें ही आतां विशेष अवघड गोष्ट राहिलेली नाहीं. अवघड आहे तें निराळेंच; आणि तें संगणकाच्या जाणत्यांपेक्षां जुन्या कागदांच्या जाणत्यांस अधिक लवकर उमगेल, अशी माझी समजूत आहे. म्हणून या लेखांत वाशीम जिल्ह्यांतील साधनें पुढें ठेवून असें पॅकेज मुळापासून कसें उभारावें हें सांगण्याचें योजिलें आहे.

कालरेषा काढण्याची कल्पना संगणकाची नव्हे. इंग्रज विद्वान जोसेफ प्रीस्टली यानें १७६५ मध्यें चरित्रांचा एक मोठा तक्ता प्रसिद्ध केला. त्यांत प्रत्येक पुरुषाचें आयुष्य म्हणजे एक आडवी रेघ होती, आणि जेथें जन्ममृत्यूचा काल अनिश्चित तेथें त्यानें रेघेच्या टोकाशीं टिंबें घातलीं होतीं. अडीचशें वर्षांपूर्वींच्या त्या गृहस्थानें जी दक्षता घेतली, ती आजची पुष्कळशीं तयार साधनें घेत नाहींत. त्यांस प्रत्येक गोष्टीची एक आणि एकच तारीख लागते.

आधीं साधनांचा विचार करूं. वाशीम जिल्ह्यांतील कालनिर्देशांचे ढोबळ मानानें तीन वर्ग पडतात. पहिला वाकाटकांचा, त्याचा उल्लेख वर आलाच आहे. दुसरा कारंजा येथील जैन ग्रंथभांडारांचा. बलात्कार गण, सेन गण व काष्ठासंघ या तिन्ही परंपरांचीं मंदिरें तेथें असून त्यांतील हस्तलिखितांची ख्याति सर्वश्रुत आहे. रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाडांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूची १९२६ मध्यें नागपुरास प्रसिद्ध केली, तिनें या भांडारांकडे विद्वानांचें लक्ष वेधलें; व पुढें कारंजा जैन ग्रंथमालेंत पुष्पदंताचें जसहरचरिउ (१९३१) व णायकुमारचरिउ (१९३३) हीं अपभ्रंश काव्यें अनुक्रमें डॉ. प. ल. वैद्य व प्रा. हिरालाल जैन यांनीं संपादून छापविलीं. तिसरा वर्ग मराठेशाहींतील व त्यापुढील कागदपत्रांचा, ज्यांत शक, फसली, शुहूर, हिजरी आणि इसवी हे सर्व सन एकमेकांत मिसळलेले असतात.

हस्तलिखितांच्या बाबतींत पहिली खबरदारी ही कीं, ग्रंथाचा रचनाकाल व प्रतीचा लेखनकाल यांचे रकाने निराळे ठेवावे. पुष्पदंतानें आपलें महापुराण इ. स. ९६५ मध्यें मान्यखेट येथें पुरें केलें. त्याच्या काव्याची एखादी प्रत पुढें पांच-सातशें वर्षांनीं उतरलेली असावयाची. दोन्ही काल एकाच रकान्यांत कोंबले तर भांडारांत दहाव्या शतकाचीं हस्तलिखितें आहेत असा बोध आकृतीवरून होईल, व तो साफ चुकीचा ठरेल. छापील आवृत्तीचें वर्ष हा तिसरा रकाना.

दुसरी खबरदारी मूळ मितीबद्दल. पुष्पिकेंत जशी मिति असेल तशी ती अक्षरशः एका रकान्यांत उतरावी आणि त्या रकान्यास पुढें कधींही हात लावूं नये. इसवी सन, तारीख, वार इत्यादि जें कांहीं आपण गणितानें काढूं तें दुसऱ्या रकान्यांत जावें. गणित चुकल्यास सुधारतां येतें. मूळ मिति पुसली गेली तर पुन्हां भांडारापर्यंत जावें लागतें, आणि पोथी तेव्हां हातीं येईलच असें नाहीं. माझ्या नोंदींचे रकाने असे आहेत : क्रमांक, वस्तूचें नांव, स्थळ, मूळ मिति, सनाचा प्रकार, आरंभ, अखेर, खात्री, आधार. आरंभ व अखेर हे दोन रकाने आहेत, एक नव्हे. सर्व पॅकेजाचा पाया येथेंच आहे.

तिसरी खबरदारी नांवांची. वर ज्या दोन हिरालालांचा उल्लेख आला, ते दोन भिन्न पुरुष होत. एक रायबहादुर, दुसरे प्राध्यापक, आणि दोघांचाही संबंध कारंज्याच्या भांडारांशीं! केवळ नांवावरून एकत्र करण्यास संगणकास सांगितलें तर तो दोघांचा एक करून टाकील. कारंजाही दोन आहेत. वाशीम जिल्ह्यांतील लाडांचें कारंजा आणि वर्धा जिल्ह्यांतील घाडग्यांचें कारंजा. शिवाय जिल्हाच बदलत आलेला आहे. इंग्रजी अमलांत वाशीम हा वऱ्हाडांतील स्वतंत्र जिल्हा होता; १९०५ मध्यें तो मोडला; आणि १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यांतून निघून तो पुन्हां अस्तित्वांत आला. कारंजा १९०५ पूर्वीं अमरावती जिल्ह्यांत होतें, नंतर अकोल्यांत, आतां वाशीमांत. यास्तव प्रत्येक व्यक्तीस व स्थळास स्वतंत्र क्रमांक द्यावा, आणि जिल्हा हा स्थळाचा गुण न समजतां त्या त्या काळाचा गुण समजावा.

आतां पॅकेज म्हणजे काय तें सांगतों. पेशवे दफ्तरांतील रुमाल ज्यांनीं सोडून पाहिले आहेत त्यांस ही कल्पना नवी वाटूं नये. एका विषयाचे कागद एका रुमालांत बांधलेले, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर अनुक्रम व मजकुराचा सारांश. जावास्क्रिप्टचें पॅकेज असेंच असतें. आंत आज्ञावलीच्या फाइली असतात, आणि ‘पॅकेज डॉट जेसन’ नांवाची फाइल ही त्यावरची चिठ्ठी. तींत पॅकेजाचें नांव, आवृत्तीचा क्रमांक, कोणती फाइल आधीं उघडावयाची, व आंतील काम चालण्यास दुसरे कोणते रुमाल लागतात, हें नमूद असतें.

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनीं १९९५ मध्यें नेटस्केप कंपनींत असतांना अवघ्या दहा दिवसांत रचली, असें प्रसिद्ध आहे. तिच्या कांहीं विचित्र संवयींचें मूळ या घाईंत आहे असें म्हटल्यास फारसा अन्याय होणार नाहीं. प्रथम ती ब्राउझरपुरतीच वापरांत होती. रायन डाल यांनीं २००९ मध्यें नोड हें साधन केल्यावर ती ब्राउझरच्या बाहेरही सर्रास चालूं लागली, व पाठोपाठ एनपीएम हा पॅकेजांचा कोठार उभा राहिला. आकृति काढण्यासाठीं जें डी-थ्री नांवाचें साधन सर्वत्र वापरतात, तें माइक बोस्टॉक व त्यांचे स्टॅनफर्ड येथील सहकारी यांनीं २०११ मध्यें प्रसिद्ध केलें. डी-थ्री तयार आकृति देत नाहीं. आकृतीचे अवयव देतें. आपल्या कामास हेंच सोयीचें, कारण तयार आकृतींत अनिश्चिततेस जागा नसते.

उभारणीचा क्रम असा. संगणकावर नोड बसवावें. त्याबरोबर एनपीएम आपोआप येतें. एक नवा फोल्डर करून त्यांत ‘एनपीएम इनिट’ ही आज्ञा द्यावी (आज्ञा अर्थातच रोमी अक्षरांत टंकावयाच्या). संगणक कांहीं प्रश्न विचारतो व उत्तरांवरून ती चिठ्ठी लिहून देतो. पॅकेजाचें नांव लहान रोमी अक्षरांत व मध्यें जागा न सोडतां द्यावें. मी माझ्या पॅकेजास ‘कालपट’ हें नांव घेतलें. चिठ्ठींत ‘टाइप’ या शब्दापुढें ‘मॉड्यूल’ असें लिहावें, कारण डी-थ्रीची सातवी आवृत्ति (२०२१) नव्या मॉड्यूल पद्धतीनेंच लिहिलेली आहे व जुन्या पद्धतीनें ती बोलावूं गेल्यास अडचण येते. मग डी-थ्रीचे जे चार भाग लागतात तेवढेच मागवावे : मापाचा, अक्षाचा, निवडीचा आणि सारणीचा. सगळें डी-थ्री ओढून आणण्याचें कारण नाहीं.

आपली स्वतःची आज्ञावली ‘एसआरसी’ नांवाच्या फोल्डरांत ठेवावी, बांधून तयार झालेलें रूप ‘डिस्ट’ नांवाच्या फोल्डरांत पडावें, आणि नोंदींची सारणी या दोहोंपासून दूर ‘डेटा’ फोल्डरांत असावी. मागविलेलीं पॅकेजें ‘नोड मॉड्यूल्स’ या फोल्डरांत येऊन पडतात. तीं जपण्याची गरज नाहीं, परंतु त्यांच्या नेमक्या आवृत्तींची नोंद करणारी जी कुलपाची फाइल एनपीएम करतें, ती मात्र अवश्य जपावी. सर्व फोल्डर गिटच्या स्वाधीन करावा, म्हणजे कोणत्या दिवशीं कोणता आंकडा का बदलला याचा पुरावा राहतो.

मी ‘एसआरसी’मध्यें तीन फाइली केल्या. एक सनांच्या रूपांतराची, दुसरी आकृतीची, तिसरी या दोहोंस जोडणारी. अनुभव असा कीं आकृतीची फाइल एका दिवसांत झाली व सनांच्या फाइलीस कित्येक आठवडे लागले.

त्याचें कारण जावास्क्रिप्टची कालगणना. या भाषेंत ‘डेट’ नांवाची सोय आहे व नवशिका तीच घेतो. मीही घेतली होती. परंतु तिला वर्ष म्हणून ० ते ९९ यांपैकीं आंकडा दिला तर ती त्यांत १९०० मिळविते. शककालाचा आरंभ इ. स. ७८; तो मी नोंदला तेव्हां तो पटावर १९७८ मध्यें, जिल्ह्याच्या पुनर्घटनेच्या अलीकडे जाऊन बसला. महिने ती शून्यापासून मोजते, म्हणून जानेवारी हा शून्यावा महिना. रिकाम्या रकान्यास अंक समज म्हणून सांगितलें तर जावास्क्रिप्ट त्याचें शून्य करतें, आणि ‘डेट’च्या हिशेबीं शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०. यामुळें विंध्यशक्तीचा ताम्रपट, ज्याच्या इसवी सनाचा रकाना मीं प्रामाणिकपणें कोरा ठेविला होता, तो १९७० मध्यें झळकला. ही चूक डोळ्यांत भरणारी म्हणून लगेच सांपडली. भीति आहे ती न दिसणाऱ्या चुकीची.

अशी एक न दिसणारी चूक पुढीलप्रमाणें. ‘डेट’ सर्व काळासाठीं ग्रेगरी पंचांगच धरून चालते. इंग्रजांनीं तें पंचांग सप्टेंबर १७५२ मध्यें स्वीकारलें. तोंवर त्यांच्या तारखा ज्युलियन. पोर्तुगीजांनीं १५८२ मध्येंच तें घेतलें होतें. म्हणून शिवकालांतील एकाच दिवशींच्या गोव्याच्या पत्रांत व सुरतेच्या वखारीच्या पत्रांत १० दिवसांचें अंतर पडतें. आपल्या शकावल्या व जंत्र्या चाळतांना तारीख कोणत्या पद्धतीची आहे हें पाहण्याची संशोधकांस संवय असते. संगणकास ती नसते. तिथि, वार व तारीख यांचा मेळ घालणाऱ्यास दहा दिवसांचा फरक म्हणजे सर्वस्व.

यावर उपाय जुनाच आहे. ज्योतिषी ज्यास अहर्गण म्हणतात, तो एका ठराविक आरंभापासून मोजलेला दिवसांचा आंकडा. पाश्चात्य ज्योतिषांत इ. स. पूर्व ४७१३ च्या १ जानेवारीपासून (ज्युलियन) मोजलेला दिनांक याच जातीचा. प्रत्येक मितीचा आरंभ व अखेर या दिनांकांत ठेवावी, म्हणजे पंचांगांचा झगडा रूपांतराच्या एका फाइलींत कोंडला जातो व आकृतीच्या फाइलीस साधे पूर्णांक मिळतात. भाषेंत ‘इंडियन’ नांवाचेंही एक पंचांग तयार मिळतें; परंतु तें १९५७ मध्यें सरकारनें सुरू केलेलें राष्ट्रीय सौर पंचांग असून जुन्या चांद्रमासांशीं त्याचा संबंध नाहीं. नांवास भुलून तें वापरूं नये.

सनांचें रूपांतर करतांना एका मितीस एक उत्तर काढण्याचा मोह टाळला पाहिजे. शक ३८० हाच आंकडा घ्या. तो गत वर्षाचा असेल तर चैत्र इ. स. ४५८ पासून फाल्गुन ४५९ पर्यंतचा काल येतो. वर्तमान वर्षाचा असेल तर चैत्र ४५७ पासून फाल्गुन ४५८ पर्यंतचा. लेखावरून याचा उलगडा होत नसेल, तर आरंभ ४५७ व अखेर ४५९ असेंच लिहावें. विक्रम संवताचेंही तसेंच. संवत् १७०० हा चैत्रादि मानला तर इ. स. १६४३ च्या मार्च-एप्रिलमध्यें सुरू होतो, कार्तिकादि मानला तर त्याच सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्यें. पोथी कोणत्या प्रांतीं लिहिली हें पुष्पिकेंत नसेल तर दोन्ही मिळून मार्च १६४३ ते नोव्हेंबर १६४४ हा पल्ला धरावा. तिथीबरोबर वार दिला असल्यास पल्ला पुष्कळदां एका दिवसावर येतो. म्हणून वाराचा रकाना विसरूं नये. कृष्णपक्षांतील तिथि असेल तर महिना पूर्णिमान्त कीं अमान्त हाही प्रश्न उरतोच. शुहूर सनांत जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ व जानेवारीनंतर ६०० मिळवावयाचे, हें वाचकांस ठाऊक आहेच. हिजरी सनाचें वर्ष चांद्र, सुमारें ३५४ दिवसांचें, म्हणून तेथें स्थिर आंकड्याची मिळवणी चालत नाहीं.

राज्यवर्षाच्या मितीस हाही उपाय लागू नाहीं. तेथें आरंभवर्षच मतभेदाचा विषय. म. म. वा. वि. मिराशी यांनीं विंध्यशक्ति दुसरा याची कारकीर्द सुमारें इ. स. ३५५ ते ४०० अशी धरली. त्या हिशेबानें ३७ वें वर्ष सुमारें ३९२ येतें. शेवटचा मोठा राजा हरिषेण याची कारकीर्द मिराशींच्या मतें सुमारें ४७५ ते ५००, तर अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांच्या मतें सुमारें ४६० ते ४७७. हा फरक कांहीं दिवसांचा नव्हे. अजिंठ्याच्या लेण्यांचा सर्व काल त्यावर हेलकावे खातो. म्हणून राज्यवर्षाच्या नोंदींत आरंभ व अखेर न लिहितां ‘अमुक राजाचें अमुक वर्ष’ एवढेंच लिहावें, आणि राजांच्या कारकीर्दींची सारणी मताप्रमाणें निराळी ठेवावी. वाचक मत निवडील, त्याप्रमाणें ताम्रपट पटावर सरकेल. हिस्से-बोराळ्याचा लेख मात्र जागचा हलणार नाहीं. कोणतेंही मत निवडलें तरी देवसेनाची कारकीर्द त्या खुंटास शिवून गेली पाहिजे, हें पाहणारास आपोआप दिसतें; आणि एवढ्या एका गोष्टीसाठीं पटाचा खटाटोप करावा असें मला वाटतें.

आकृतीचें गणित सोपें आहे. इ. स. ३०० ते २००० हा काल ८५० बिंदूंच्या रुंदीवर मांडला तर प्रत्येक वर्षास अर्धा बिंदु येतो. ४५८ हें वर्ष डावीकडून ७९ व्या बिंदूवर पडतें. डी-थ्रीच्या मापाच्या भागास हे चार आंकडे दिले कीं पुढची मोजणी तो करतो. कालाचें निराळें माप त्यांत मिळतें, तें घेऊं नये. तें ‘डेट’वर चालतें. साधें सरळ माप घ्यावें व त्यास अहर्गण पुरवावा. रेषा एसव्हीजी पद्धतीनें काढावी, म्हणजे ती कितीही मोठी केली तरी फाटत नाहीं व छापखान्यास जशीच्या तशी देतां येते. निश्चित काल सलग रेघेनें, अनुमित काल तुटक रेघेनें आणि मतभेद असल्यास एकाखालीं एक दोन रेघांनीं दाखवावा. खात्री रंगानें दाखविण्याची चाल आहे ती मला मान्य नाहीं. त्रैमासिकें काळ्या शाईंत छापतात, आणि सर्वांस सगळे रंग सारखे दिसतही नाहींत. रेघेवर टिचकी मारतांच मूळ मिति व आधार हे दोन रकाने उघडावे.

हस्तलिखितांची दशकवार गणती करून स्तंभ उभे करण्याचीही सोय सारणीच्या भागांत आहे. परंतु एखाद्या प्रतीचा पल्ला दोन दशकांत पडला तर ती कोणत्या स्तंभांत घालावी? मी अशी प्रत दोहोंत विभागून घालतों. आणि ज्या प्रतींस मितिच नाहीं त्यांचा स्तंभ निराळा, पटाच्या एका कडेस, परंतु त्याच मापानें काढतों. हा स्तंभ गाळला तर मितीवार प्रतींचेंच चित्र हें सगळ्या भांडाराचें चित्र आहे असें भासतें. तो काढला म्हणजे बाकीचे स्तंभ किती ठेंगणे आहेत हें उघड होतें. पाहणाराची थोडी निराशा होते खरी.

नागरी लिपीच्या अडचणी थोड्या आहेत, पण आहेत. नागरी अंकांत लिहिलेलें १७०० जावास्क्रिप्टास अंक वाटत नाहीं. आधीं दहा अंकांची अदलाबदल करून घ्यावी. उलट दाखवितांना भाषेंत मराठीसाठीं तयार सोय आहे, ती आंकडे नागरींत लिहून देते. फक्त हजारांचा स्वल्पविराम बंद करावा, नाहीं तर साल १,६७४ असें छापलें जातें. लांब नांव दोन ओळींत तोडतांना अक्षरें मोजून तोडूं नयेत, कारण संगणकाच्या मोजणींत काना, मात्रा व हलन्त हे निराळे घटक असतात आणि जोडाक्षर मध्येंच दुभंगतें.

पॅकेज बांधण्यापूर्वीं परीक्षा. ज्यांबद्दल वाद नाहीं अशा मिति घेऊन त्यांचें उत्तर आज्ञावलीकडून काढवावें. शिवराज्याभिषेक, ज्येष्ठ शुद्ध १३ शक १५९६, याची ज्युलियन तारीख ६ जून १६७४ व ग्रेगरी तारीख १६ जून; दोहोंचा अहर्गण एकच आला पाहिजे. पानिपतचा दिवस १४ जानेवारी १७६१, शक १६८२, शुहूर सन ११६१. शकांत ७९ व शुहुरांत ६०० मिळवून एकच साल निघालें पाहिजे. अशा परीक्षा एका फाइलींत लिहून ठेविल्या म्हणजे पुढें कोणीं आज्ञावलींत हात घातला तरी चूक तत्काळ ओरडून उठते. नोडमध्यें परीक्षेची सोय अंगचीच आहे. त्यासाठीं निराळें पॅकेज मागविण्याचें कारण नाहीं.

बांधणीसाठीं मी रोलअप हें साधन वापरतों. तें सर्व फाइलींचा एक गठ्ठा करतें. त्यास आरंभाची फाइल कोणती व गठ्ठा कोणत्या रूपांत हवा हें एका लहान फाइलींत सांगावें लागतें. दोन रूपें काढावीं : एक नव्या मॉड्यूल पद्धतीचें, दुसरें कोठेंही चालणारें यूएमडी. दुसऱ्याचें कारण व्यवहाराचें आहे. संगणकावर नुसती उतरून ठेविलेली फाइल दुहेरी टिचकीनें उघडली तर ब्राउझर मॉड्यूल पद्धतीची आज्ञावली आंत घेऊं देत नाहीं. यूएमडी घेऊं देतो. ज्या ग्रंथालयांत इंटरनेट नाहीं किंवा असून नसल्यासारखें आहे, तेथें पेनड्राइव्हवर नेलेला पट या रूपांतच उघडेल. डी-थ्रीचे भागही गठ्ठ्यांत यावे म्हणून रोलअपला नोडचीं पॅकेजें शोधून देणारी जोड द्यावी. ती विसरल्यास गठ्ठा बांधला जातो, पण आंत डी-थ्री नसतें, आणि उघडल्यावर पट कोरा दिसतो.

दुसऱ्यांच्या पॅकेजांवर किती विसंबावें याविषयीं एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. मार्च २०१६ मध्यें एका लेखकानें नांवाच्या वादावरून रागावून आपलीं सर्व पॅकेजें एनपीएमच्या कोठारांतून काढून घेतलीं. त्यांत अवघ्या ११ ओळींचें एक होतें, अक्षरांच्या डाव्या बाजूस जागा भरून देणारें. त्यावर इतर पॅकेजें व त्यांवर आणखी इतर विसंबलेलीं असल्यानें जगभर हजारों ठिकाणीं बांधणी अडली. त्यानंतर कोठाराच्या चालकांनीं पॅकेज मागें घेण्यावर निर्बंध घातले. एकच प्रत एकाच भांडारांत असल्याचा धोका हस्तलिखितांच्या संग्राहकांस नव्यानें सांगावयास नको. ‘एनपीएम पॅक’ या आज्ञेनें पॅकेजाची एकच बांधीव फाइल मिळते. तिच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या, व प्रसिद्ध करण्यापूर्वीं तींत काय काय गेलें आहे हें पाहून घ्यावें. माझ्या पहिल्या फाइलींत भांडारांतील पानांचीं छायाचित्रें चुकून गेलीं होतीं, ज्यांच्या प्रसिद्धीस परवानगी घेतलेली नव्हती. चिठ्ठींतील ‘फाइल्स’ या रकान्यांत काय जावें तेवढेंच लिहिल्यास असें घडत नाहीं.

आवृत्तीचा क्रमांक तीन आंकड्यांचा असतो. दुरुस्ती झाली कीं शेवटचा वाढतो, भर पडली कीं मधला, आणि जुनें काम मोडण्याजोगा फरक झाला कीं पहिला. ही व्यवस्था आज्ञावलीपुरती ठीक आहे. नोंदींच्या सारणीस मी निराळा क्रमांक देतों, आणि एखाद्या पुष्पिकेचें वाचन बदललें तर तो पहिल्या जागेवरच वाढवितों. आज्ञावलीच्या दृष्टीनें एका रकान्यांतील एक आंकडा बदलला, एवढेंच. परंतु जुन्या आंकड्यावर ज्यानें लेख लिहिला असेल त्याच्या दृष्टीनें आधारच मोडलेला असतो.

कारंज्याच्या प्रतींपैकीं ज्यांच्या पुष्पिकेंत संवताबरोबर वार अथवा नक्षत्र दिलेलें आहे अशा प्रतींच्या नोंदी प्रथम बसविण्याचा विचार आहे, कारण चैत्रादि-कार्तिकादीचा निकाल तेथेंच लागेल. ज्या वाचकांजवळ अशा पुष्पिकांच्या नकला असतील त्यांनीं त्या मूळ शुद्धलेखनासह, अशुद्धें न सुधारतां, आपापल्या संग्रहाच्या नांवानें प्रसिद्ध कराव्या अशी विनंति आहे. पत्रांक व भांडाराचें नांव यांची नोंद प्रत्येक नकलेखालीं असावी.